फिगर स्केटिंगची ज्युनिअर ग्रां प्री २०२५ : कोण कुठे उतरणार? अंदाजपंचे दाहोदरसे

बर्फाळ_डोकं | ६ जुलै २०२५, रात्री ११:४०

मंडळी, दरवर्षी जुलै आला की मला हा आजार होतो. बाहेर धो धो पाऊस, नवरा भजी तळ म्हणतोय आणि मी आयएसयूचं (आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेचं) पान रिफ्रेश करत बसलेय, रीगाच्या स्पर्धेच्या याद्या लागल्या का बघायला. घरात कोणाला काही सांगायची सोय नाही म्हणून इथे धागा काढतेय. फिगर स्केटिंगवाले आपण इथे पाच-सहाच जण आहोत हे माहितीये, पण मागच्या वर्षीचा धागा साठ प्रतिसादांपर्यंत गेला होता (त्यातले वीस पॉपकॉर्नचे).

तर यंदाचं वेळापत्रक. सात ठिकाणं आहेत. मला तारखा लक्षात राहत नाहीत म्हणून मी आपल्या पद्धतीनं पाठ केलंय, बघा जमतंय का.

रीगा २० ते २३ ऑगस्ट, म्हणजे पोळ्याच्या आसपास. अंकारा २७ ऑगस्टला सुरू, त्याच दिवशी गणपती बसतायत, त्यामुळे पहिल्या दिवशीचं लाइव्ह विसरा. वारेसे (इटली) ३ ते ६ सप्टेंबर, शेवटच्या दिवशी अनंत चतुर्दशी, म्हणजे इकडे ढोल तिकडे फ्री स्केट (दुसरा, मोठा प्रोग्राम). बँकॉक १० ते १३, पितृपक्षात. मग एक आठवडा गॅप. बाकू २४ ते २७, नवरात्र. ग्दान्स्क १ ते ४ ऑक्टोबर, मध्येच दसरा. आणि अबुधाबी ८ ते ११ ऑक्टोबर, कोजागिरी उरकून दिवाळीच्या फराळाच्या आधी. फायनल ४ ते ७ डिसेंबर, नागोया.

नियम सगळ्यांना माहितीच आहेत तरी, एका पोरानं जास्तीत जास्त दोन ठिकाणी उतरायचं, पहिल्याला १५ गुण, दुसऱ्याला १३, तिसऱ्याला ११, मग ९, ७, ५, ४, ३, २, १. दोन्हीची बेरीज करून वरचे सहा नागोयाला.

आता सांगा, मुलींमध्ये जपानची माओ शिमादा कुठली दोन घेईल? मुलांमध्ये जपानचा नाकाता आणि कोरियाचा सिओ एकमेकांसमोर येतील का फायनलपर्यंत लपूनछपून? माझा अंदाज मी आधी सांगणार नाही, नाहीतर सगळे माझ्याच मागून येता.

---

तिसरा_पंच | ७ जुलै, सकाळी ७:१५

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

पंचांगाप्रमाणे वेळापत्रक बघून डोळे पाणावले. आयएसयूला कळवा कोणीतरी.

---

कोथरूडचा_बाप | ७ जुलै, सकाळी ९:३२

अडाणी प्रश्न विचारतो, रागावू नका. माझी मुलगी दहा वर्षांची आहे आणि तिच्यामुळे मी हे बघायला लागलो. एन्ट्री ठरवतं कोण? म्हणजे पोरं स्वतः फॉर्म भरतात का, की आयएसयू बोलावते? आणि मग अंदाज लावायचा प्रश्न कुठे येतो, नंबर एकला सगळीकडे बोलावतीलच ना?

---

बर्फाळ_डोकं | ७ जुलै, दुपारी १:०५

@कोथरूडचा_बाप अडाणी अजिबात नाही, निम्म्या लोकांना हेच माहीत नसतं.

सिनिअर ग्रां प्रीत आमंत्रण असतं. ज्युनिअरमध्ये नाही, इथे प्रत्येक देशाच्या फेडरेशनला जागा मिळतात आणि त्या जागांवर कोणाला पाठवायचं ते फेडरेशन ठरवते. शाळेच्या टीमसारखं समजा, जिल्ह्याला किती पोरं न्यायची ते वरून येतं पण नावं पीटीचे सर लिहितात. आदल्या ज्युनिअर वर्ल्डला ज्या देशांच्या पोरांनी वरचे नंबर काढले त्यांना सिंगल्समध्ये दरेक ठिकाणी दोन-दोन, बाकीच्यांना एकेक, आणि यजमानांना घरच्या मैदानावर जास्तीच्या. म्हणून जपानकडे जागा भरपूर, पण पोरी त्याहून भरपूर, आणि खरी मारामारी तिथेच, बर्फावर उतरायच्या आधीच.

आणि प्रत्येक देशाची तऱ्हा वेगळी. कोरियावाले सरळ निवड स्पर्धा घेतात, त्यात वरच्यांना दोन ठिकाणं, खालच्यांना एक, झालं. पारदर्शक. अमेरिकावाले हप्त्याहप्त्यानं जाहीर करतात, आधी पहिले काही इव्हेंट, मग उन्हाळ्यात पोरं कशी स्केट करतात ते बघून पुढचे. जपान एकदम यादी टाकतं आणि मग आपण सगळे ती यादी समोर ठेवून ज्योतिष बघत बसतो, की हिला पहिल्याच आठवड्यात का टाकलं आणि तिला एकच का दिलं.

---

अ‍ॅक्सलवाली | ७ जुलै, दुपारी ३:४८

बर्फाळ ताईंना अनुमोदन. फक्त एक भर, यादी लागली म्हणजे संपलं असं नाही. नाव येतं, मग दुखापत होते, नाव जातं, पर्यायी उतरतो. मागच्या सिझनला मी एका मुलीसाठी सुट्टी टाकून बसले होते आणि आदल्या दिवशी यादीतून नावच गायब. ऑफिसात सांगताही येईना की सुट्टी का परत घेतेय.

माझा अंदाज: माओ एक सुरुवातीचा आणि एक मधला घेईल. शेवटचे दोन घेणार नाही कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला घरच्या रिजनल आणि जपान ज्युनिअर असतात. म्हणजे दोन स्पर्धांमध्ये तीनेक आठवडे अंतर, आणि प्रवासाला सोपं एखादं बँकॉक. पण हा फक्त अंदाज, माझ्या गेल्या वर्षीच्या अंदाजांचा रेकॉर्ड बघता उलटं धरा.

---

निवांत_वाचक | ७ जुलै, रात्री १०:२०

मी वाचनमात्र असतो पण आज लिहितो. मला एक कळत नाही, माओ शिमादा अजून ज्युनिअरमध्ये कशी? लागोपाठ तीन वेळा ज्युनिअर वर्ल्ड जिंकून झालंय तिचं, २०२३ कॅलगरी, २०२४ तैपेई, २०२५ देब्रेत्सेन. लागोपाठ तीन फायनल पण, तुरिन, बीजिंग, ग्रनोबल. आता तिनं अजून काय सिद्ध करायचं? जाऊ द्या की तिला वर. फेब्रुवारीत ऑलिंपिक आहे मिलानोला.

---

अ‍ॅक्सलवाली | ७ जुलै, रात्री १०:५५

निवांत दादा, हीच तर दुखरी नस. तिचा जन्म ३० ऑक्टोबर २००८. सिनिअरला उतरायला सिझनच्या आधीच्या १ जुलैला १७ पूर्ण लागतात. तिला १७ पूर्ण होणार येत्या ऑक्टोबरात. चार महिन्यांनी चुकलं. चार महिने! आणि ऑलिंपिक चार वर्षांनी.

आणि गंमत ऐका. डिसेंबर २०२४ च्या जपानच्या सिनिअर नॅशनल्सला (तिथे ज्युनिअर पोरींना उतरू देतात) ती दुसरी आली, पुढे फक्त काओरी साकामोतो, जी तीन वेळची वर्ल्ड चॅम्पियन. त्याच्या आधीची दोन वर्षं तिसरी. म्हणजे देशातली दोन नंबरची स्केटर ऑलिंपिकला जाऊच शकत नाही, आणि तिच्या मागची जाणार. अमी नाकाईचं बघा, एप्रिल २००८ चा जन्म, ती सुटली बरोब्बर. एकाच शाळेतल्या एका वर्गातल्या पोरी असाव्यात तसं, एकीला बसमध्ये घेतलं आणि दुसरीला सांगितलं तू पुढच्या वर्षी.

---

तिसरा_पंच | ८ जुलै, सकाळी ८:०२

जून महिन्यात जन्म दाखवून पहिलीत घालायची आपली पद्धत तिकडे नाही वाटतं. आमच्या गावात निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जून.

---

बर्फाळ_डोकं | ८ जुलै, सकाळी ११:३०

😂😂 माझ्या सासऱ्यांचा पण १ जून!

पण गंमत सोडून, नियम का आला तेही लिहायला हवं नाहीतर नवीन लोकांना वाटेल की मुद्दाम जपानवर अन्याय. आधी सिनिअरला १५ पुरे होते. मग बीजिंग ऑलिंपिक २०२२, रशियाची कमिला वलिएवा, १५ वर्षांची पोर, डोपिंगचं प्रकरण, आणि त्यात ती सगळ्या जगासमोर फ्री स्केटमध्ये पडत राहिली ते आपण सगळ्यांनी बघितलं. मला तो दिवस अजून आठवतो, मी टीव्ही म्यूट केला होता. त्याच वर्षी जूनमध्ये आयएसयूच्या फुकेतच्या काँग्रेसमध्ये मतदान झालं, १०० विरुद्ध १६, आणि वय टप्प्याटप्प्यानं वाढवलं, २०२३-२४ ला १६ आणि २०२४-२५ पासून १७. वलिएवावर पुढे जानेवारी २०२४ मध्ये चार वर्षांची बंदीही आली.

नियम बरोबरच आहे असं माझं मत. पण बरोबर नियमाची झळ लागते ती ज्यानं काही केलेलं नाही त्यालाच, तेही खरं.

---

रिंकवरची_मावशी | ८ जुलै, दुपारी ४:१०

मी टोरांटोजवळ राहते, भाची इथे रिंकवर शिकते म्हणून मावशी. बर्फाळ ताई, नियमाबद्दल थोडं असहमत. वय वाढवलं हे चांगलं, पण त्यामुळे झालं काय की ज्युनिअर ग्रां प्री आता ज्युनिअर राहिलीच नाही. तेरा वर्षांची पोर पहिल्यांदा परदेशात जाते आणि तिच्याच वॉर्म-अप ग्रुपमध्ये ट्रिपल अ‍ॅक्सल आणि क्वाड टो लूप (साडेतीन आणि चार गिरक्यांच्या उड्या) मारणारी शिमादा. देब्रेत्सेनला माओ जवळजवळ चाळीस गुणांनी जिंकली, दुसरी होती कोरियाची जिआ शिन, ती पण काही ऐरीगैरी नाही. चाळीस! हे म्हणजे गल्लीच्या टेनिस बॉल स्पर्धेत रणजीवाला उतरवायचा.

माझ्या भाचीच्या रिंकवर एक मुलगी आहे (नाव नाही लिहीत), तिला या वर्षी पहिली इंटरनॅशनल मिळेल अशी आशा आहे. तिची आई मला म्हणाली की कुठली स्पर्धा मिळते यापेक्षा समोर कोण येतं याचीच जास्त भीती.

---

अ‍ॅक्सलवाली | ८ जुलै, संध्या ६:३३

मावशी, पटलं, पण उलट बाजूनं बघा. त्या तेरा वर्षांच्या पोरीला शिमादाबरोबर सहा मिनिटं वॉर्म-अप करायला मिळणं हे माझ्या दृष्टीनं बक्षीसच आहे.

आणि जिआ शिनचा विषय काढलात म्हणून. ज्युनिअर वर्ल्डला चार वर्षं, चार रौप्य. २०२२ ला तालिनमध्ये इझाबो लेविटोकडून अर्ध्या गुणानं हरली (०.५४, मला पाठ आहे कारण मी रडले होते), मग तीन वर्षं माओकडून. तैपेईला शॉर्टनंतर (पहिल्या, छोट्या प्रोग्रामनंतर) जिआ पुढे होती, मला वाटलं आता झालं, आणि फ्रीमध्ये माओ आली. आता जिआ सिनिअरला गेली, मार्च २००८ चा जन्म. यंदाच्या ज्युनिअर यादीत तिचं नाव शोधू नका कोणी, नाहीये. मला फार चुकल्यासारखं होणारे.

---

कोथरूडचा_बाप | ८ जुलै, रात्री ९:४७

म्हणजे यंदा मुलींमध्ये माओ सोडून बाकी मैदान मोकळं? मुलांचं काय? ते सिओ-नाकाता प्रकरण मला नीट सांगा कोणीतरी, घरी इम्प्रेशन मारायचंय.

---

बर्फाळ_डोकं | ८ जुलै, रात्री ११:५८

मुलांचं माझ्याकडून घ्या, ही माझी आवडती गोष्ट.

दोघं २००८ चेच, रिओ नाकाता सप्टेंबरचा, सिओ मिन-क्यू ऑक्टोबरचा. म्हणजे दोघांनाही यंदा वर जाता येत नाही, माओसारखंच. आणि दोघांची खुन्नस, म्हणजे भांडण नव्हे, पोरं एकदम गोड आहेत, पण निकाल बघा. तैपेई २०२४: सिओ पहिला, २३०.७५. नाकाता दुसरा, २२९.३१. दीड गुणही नाही. कोरियाचा पहिला पुरुष ज्युनिअर वर्ल्ड चॅम्पियन. देब्रेत्सेन २०२५: उलटं, नाकाता पहिला, सिओ दुसरा. दोन्ही वर्षी तिसरा आदाम हागारा, स्लोव्हाकियाचा, तो बिचारा एकोणीसचा झाला, त्याचं ज्युनिअर वय संपलं.

आता प्रश्न असा की दोन्ही फेडरेशन यांना एकमेकांपासून लांब ठेवतील का. गणित सोपं आहे. दोघं वेगवेगळ्या ठिकाणी गेले तर दोघांचे ३० गुण होऊ शकतात, समोरासमोर आले तर एकाचे २८. २८ म्हणजे पण आरामात फायनल. म्हणजे भीती काहीच नाही, पण फेडरेशनवाले भित्रेच असतात. आणि कोरियाची नेमणूक निवड स्पर्धेनंतर होते, जपान आधी की नंतर जाहीर करतं त्यावर कोण कोणाला टाळतंय ते कळेल. माझं मत, नागोयालाच भेटतील. नागोया, म्हणजे नाकाताच्याच देशात. मी पैजेला तयार आहे, हरणाऱ्यानं पुढच्या गटगला (सगळे भेटू तेव्हा) मिसळ द्यायची.

---

तिसरा_पंच | ९ जुलै, सकाळी ७:४०

पैज लागली. माझं म्हणणं आधीच भिडतील. कुठली मिसळ ते पण आत्ताच ठरवा, नंतर वाद नको. पुणेरी चालणार नाही.

---

निवांत_वाचक | ९ जुलै, सकाळी ९:१८

मिसळीवर धागा हायजॅक व्हायच्या आत, रशियन पोरं यंदा परत येतायत ना? कुठेतरी वाचलं.

---

रिंकवरची_मावशी | ९ जुलै, सकाळी ९:५५

नाही, ते वेगळं. मार्च २०२२ पासून रशिया-बेलारूस बाहेर आहेत. आता फक्त ऑलिंपिक पात्रता स्पर्धेला, ती बीजिंगला सप्टेंबरात आहे, तिथे मोजक्या सिनिअर खेळाडूंना न्यूट्रल (देशाच्या झेंड्याशिवाय) म्हणून परवानगी मिळालीये. (बर्फाळ ताईंच्या वेळापत्रकात जो आठवड्याचा गॅप आहे ना बँकॉक आणि बाकूच्या मध्ये, तोच तो आठवडा.) ज्युनिअरला काही नाही. चौथा सिझन त्यांच्याशिवाय.

आधी काय व्हायचं आठवतं? मुलींच्या फायनलला सहापैकी चार-पाच रशियन. आपण अंदाज लावायचो तो फक्त कुठली त्रुसोवा कुठे एवढाच. त्या मानानं आता याद्या बघायला मजा येते. जॉर्जिया, इस्रायल, स्लोव्हाकिया असे देश वर दिसतात. अर्थात जॉर्जियाचं पण गौडबंगाल आहेच, मेतेलकिना आधी रशियाकडून खेळायची, मग जॉर्जियाकडून बेरुलावाबरोबर आली आणि तैपेईला पेअर्स (जोडीचा प्रकार) जिंकून गेली. देश बदलायचा तर आधीच्या फेडरेशननं सोडावं लागतं, शिवाय काही काळ थांबायचं. म्हणून याद्या लागल्या की मी नावापुढचा झेंडा आधी बघते.

---

चाकावरची_ताई | ९ जुलै, दुपारी २:२६

उशिरा आले. मी पुण्यात रोलर आर्टिस्टिक शिकवते, वीस वर्षं. तुमच्या धाग्यांवर मी दरवर्षी एकच शोधायला येते, आयएनडी (भारत) असं कुठे दिसतंय का.

@कोथरूडचा_बाप तुमच्या मुलीबद्दल लिहिलंत म्हणून सांगते, घाबरवायला नाही. ज्युनिअर ग्रां प्रीला किमान गुणांची अट नाही. ज्युनिअर वर्ल्डला आहे, तिथे ठरावीक टेक्निकल गुण आधी कमवावे लागतात, इथे नाही. म्हणजे कागदावर भारताची पोर बाकूला किंवा अबुधाबीला उतरू शकते, फेडरेशननं नाव पाठवलं की झालं. तेरा पूर्ण लागतात आणि सिंगल्सला एकोणीसच्या आत. अडचण कागदावर नाहीच.

अडचण बर्फाची आहे. माझी एक विद्यार्थिनी, चाकांवर राज्यात नाव काढलेली, तिला बर्फावर जायचं होतं. मॉलमधल्या रिंकवर नेलं. केवढं ते रिंक, आपल्या मंगल कार्यालयाचा हॉल असतो त्याहून लहान, त्यात शनिवारी वाढदिवसाची पार्टी. पोरगी अ‍ॅक्सलची तयारी करायला वेग घेते तोवर भिंत येते. आणि बर्थडे बॉय मध्येच बसलेला. आम्ही मॅनेजरला विनंती केली की सकाळी लवकर एक तास द्या, ते म्हणाले एसीचं बिल कोण भरणार. चूक त्यांची तरी काय म्हणा. बूट परदेशातून मागवले ते कस्टममध्ये अडकले, येईपर्यंत पोरीचा पाय एक नंबर वाढला.

मग तिला डेहराडूनला पाठवायचं ठरलं, हिमाद्री रिंक, ६० बाय ३०, खरं आंतरराष्ट्रीय मापाचं. २०११ मध्ये बांधलं आणि मग किती वर्षं कुलूप. आता परत सुरू झालंय, येत्या ऑगस्टमध्ये तिथे शॉर्ट ट्रॅकची (बर्फावरच्या वेगाच्या शर्यतींची) आशियाई स्पर्धा आहे. रीगाच्याच आठवड्यात बघा. मला विचाराल तर माझ्यासाठी त्या आठवड्यातली मोठी बातमी रीगाची नाही, हिच आहे, की भारतात मोठ्या मापाचा बर्फ जमलाय.

---

कोथरूडचा_बाप | ९ जुलै, दुपारी ३:५०

ताई, लिहिलंत ते बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली तरी मुलगी शनिवारी जाणारच. 🙂

आपली तारा प्रसाद आहे ना, ती कशी पोचली मग?

---

अ‍ॅक्सलवाली | ९ जुलै, संध्या ५:१२

तारा अमेरिकेत जन्मली, तिकडेच वाढली, तिकडचा बर्फ, तिकडचे कोच, आणि खेळते भारताकडून. सिनिअर आहे ती, या यादीत नाही येणार. तिचं कौतुक आहेच, पण चाकावरच्या ताई म्हणतात ती गोष्ट वेगळी, इथे शिकलेली पोर.

थायलंडचं उदाहरण घ्या. उष्ण देश, बर्फाशी संबंध सरबतापुरता. पण २०२३ ला बँकॉकनं ज्युनिअर ग्रां प्री घेतली, २०२४ ला परत, यंदा परत. यजमान म्हणून घरच्या पोरांना जास्तीच्या जागा. प्रेक्षकात आईबाबा, आज्या, सगळे. आता अबुधाबी पण. बर्फ कुठे पडतो यावर आता काही नाही, कंप्रेसर कोण चालवतं यावर आहे.

---

अबुधाबीकर | ९ जुलै, रात्री ८:३०

कोणी अबुधाबी म्हणालं का??

मी इथेच राहतो, बारा वर्षं, मूळ गाव चिपळूण. फिगर स्केटिंग मला फक्त बायको बघते म्हणून माहीत. पण ऑक्टोबरात आमच्या दारात येतंय म्हटल्यावर विचारतो, कोण कोण येईल? तिकीट काढण्यालायक कोणी येईल का शेवटच्या आठवड्याला की उरलेसुरले?

---

बर्फाळ_डोकं | ९ जुलै, रात्री ९:१५

उरलेसुरले!! वहिनींना हा प्रतिसाद दाखवू नका.

शेवटच्या इव्हेंटचं शास्त्र वेगळं असतं दादा. जे आधीच दोन जिंकून मोकळे झालेत ते नसतात, खरं. पण ज्यांची पहिली स्पर्धा बिघडली, समजा पाचवे आले, सात गुण, त्यांना दुसऱ्यात जिंकायलाच लागतं आणि ते बऱ्याचदा शेवटी शेवटी असतात. मग काय होतं की बाहेर बसलेल्या कोणाचंतरी २० गुणांवर फायनलचं तिकीट लटकलेलं असतं आणि ते अबुधाबीतल्या एका पोरीच्या शेवटच्या जंपवर ठरतं. माझ्या मते सगळ्यात नाट्यमय आठवडा हाच. मागच्या वर्षी शेवटचं चीनमध्ये वूशीला होतं तेव्हा मी कागद-पेन घेऊन बसले होते बेरजा करत.

फक्त एक, पेअर्स सगळ्याच ठिकाणी नसतात, ते तपासून घ्या. आइस डान्स असतं. आइस डान्सबद्दल मी काही बोलत नाही कारण मागच्या वर्षी बोलले आणि रिंकवरच्या मावशींनी दहा दिवस अबोला धरला.

---

रिंकवरची_मावशी | ९ जुलै, रात्री १०:०२

अबोला नव्हता, नेट बंद होतं. (अबोला होता.)

---

निवांत_वाचक | १० जुलै, सकाळी १०:४४

एक विचारू? हे सगळं वाचताना मजा येते पण मध्येच खटकतं. पोरं तेरा-चौदाची. आपण त्यांच्यावर मिसळीची पैज लावतोय. मघाशी वलिएवाबद्दल हळहळ आणि आता 'माओ कुठली दोन घेईल'. हे जरा घोड्यांच्या शर्यतीसारखं होत नाही का?

---

बर्फाळ_डोकं | १० जुलै, दुपारी १२:२०

नाही म्हणवत नाही हो. मी स्वतः या धाग्यावर एक पथ्य पाळते, पोरांच्या शरीराबद्दल, वजन-उंचीबद्दल एक अक्षर लिहायचं नाही, आणि कोणी लिहिलं तर संपादकांना सांगून उडवते. पडलं तर पडलं म्हणायचं, 'आता ही संपली' म्हणायचं नाही. चौदाव्या वर्षी कोणी संपत नाही. मागच्या वर्षी एकानं तसं लिहिलं तेव्हा इथे केवढं रामायण झालं ते आठवत असेल.

पण पैज मागे घेत नाही. मिसळ आहे ती, घोडा नाही.

---

चाकावरची_ताई | १० जुलै, दुपारी १:३९

निवांत दादांचा प्रश्न चांगलाय. शिकवणारी म्हणून सांगते, पोरांना कोणी बघतंय याचा त्रास होतो आणि कोणीच बघत नाही याचा त्याहून जास्त होतो. माझ्या पोरी राज्य स्पर्धेत उतरतात तेव्हा प्रेक्षक म्हणजे पालक आणि पाणीवाला.

---

तिसरा_पंच | १० जुलै, संध्या ७:०५

मला सगळ्यात जास्त आवडतं ते यादीतलं तळाचं टोक. एकेक नाव, देश पण असे की नकाशात शोधावे लागतात, आयएसयूच्या बायो पानावर जाऊन बघायचं की हा कुठे सराव करतो, कोच कोण, म्युझिक काय. बऱ्याचदा सराव भलत्याच देशात. मग शॉर्टमध्ये सर्वात आधी येणारा तो, रिकाम्या स्टेडियममध्ये, आणि एक स्वच्छ ट्रिपल मारला की स्वतःच एवढा दचकतो की पुढचा स्टेप विसरतो. मी त्यांच्यासाठी बघतो. तुमच्या माओला बघायला सगळं जपान आहे.

आणि फुकट आहे, यूट्यूबवर. मागच्या सिझनला एकही पैसा न देता सात आठवडे बघितलं. सिनिअरला बसा व्हीपीएन शोधत.

---

अ‍ॅक्सलवाली | १० जुलै, रात्री ९:२८

+१००. तळाच्या नावांसाठी वेगळी पैज लावूया, भारताचं नाव किती ठिकाणी दिसेल? मी म्हणते दोन.

---

चाकावरची_ताई | १० जुलै, रात्री ९:४१

मी म्हणते एक. आणि हरायला आवडेल मला.

---

अबुधाबीकर | ११ जुलै, सकाळी ८:१०

वहिनींना म्हणजे बायकोला धागा दाखवला. चूक झाली. 'उरलेसुरले' वाचल्यापासून बोलत नाहीये. आता ९ आणि १० ऑक्टोबरची सुट्टी टाकलीये, ११ ला शनिवारच आहे, म्हणून भरपाई होईल. नेमकं कोण येणार ते माहीत नसताना सुट्टी टाकणारा ऑफिसातला मी पहिलाच.

एक प्रॅक्टिकल प्रश्न. बाहेर पस्तीस डिग्री असणार. आत किती थंडी असते? बायको म्हणते शाल पुरेल.

---

रिंकवरची_मावशी | ११ जुलै, सकाळी ८:५२

शाल अजिबात पुरणार नाही. जाड स्वेटर, मोजे, आणि बसायला उशी न्या घरची, बाकडं इतकं गार असतं की दुसऱ्या वॉर्म-अप ग्रुपपर्यंत तुम्ही उभे राहाल. थर्मासमध्ये चहा आत नेऊ देतात का ते आधी विचारून घ्या. आणि यादी लागली की पहिलं इथे टाका, मी तोवर जागीच आहे.